स्ट्रॉबेरीचा बटवा की द्राक्षांचा?

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घ्या नाहीतर तासगावची द्राक्षं, मुलाच्या बटव्याला दोन्ही शोभतात. क्रोशाचं काम मात्र निराळं. सुती धागा आणि 3.5 मिमी सुई दोन्हींना चालते.

स्ट्रॉबेरी टोकाकडून सुरू करा: धाग्याच्या रिंगमध्ये 6 मुके खांब (सिंगल क्रोशे, आखूड टाके), मग एक फेरी आड 6 वाढवत 60 पर्यंत. दर फेरीला वाढवलंत तर टोक न येता चपटी थाळी होते. इथेच बहुतेकांचं फसतं. पुढे 12 फेऱ्या सरळ. बिया पिवळ्या धाग्याने भरताना प्रत्येक बी आतून वेगळी गाठवा. लांब ओढलेल्या धाग्यात मुलांची बोटं अडकतात.

द्राक्षाचा मणी म्हणजे एकाच टाक्यात 5 अर्धवट खांब (डबल क्रोशे, म्हणजे उंच टाके; प्रत्येकाचा शेवटचा वेढा सुईवरच ठेवलेला), शेवटी एकदम मिटवलेले. मण्यांमध्ये एकेक मुका खांब, वर एक साधी फेरी, पुढचे मणी मधल्या जागी. मणी आत फुगतात, म्हणून बटवा शेवटी उलटायचा. धागा स्ट्रॉबेरीच्या दीडपट तरी धरा. दिसतो झकास, पण जड होतो आणि धुतल्यावर लवकर वाळत नाही.

तोंडाशी दोन्हींना सारखंच: एक खांब, एक साखळी, एक टाका सोडून, 30 भोकं. दोन नाड्या समोरासमोरून ओवा. एकाच नाडीने तोंड एका बाजूला ओढलं जातं. नाडी गळ्यात अडकेल इतकी लांब नको.

पहिल्यांदा विणत असाल तर स्ट्रॉबेरीच.