म्हैसूरची जंबू सवारी कुठून बघावी: राजवाडा, सयाजीराव रोड की बन्नीमंटप?

दसऱ्याला म्हैसूरला जायचं ठरलं की लोक आधी हॉटेल आणि रेल्वेचं बघतात, बसायचं कुठे हे मात्र शेवटपर्यंत राहून जातं. माझ्या मते आधी हेच ठरवा. जंबू सवारी, म्हणजे राजवाड्यापासून सयाजीराव रोडने बन्नीमंटप मैदानापर्यंत जाणारी दसऱ्याची हत्तींची मिरवणूक, एकच, पण राजवाड्याच्या आवारातून दिसते ती वेगळी आणि रस्त्यावरून दिसते ती वेगळी. शिवाय सोबत कोण आहे यावर सगळं अवलंबून आहे.

आईबाबांना घेऊन जाताय? मग राजवाडाच. साडेसातशे किलोची सोन्याची अंबारी पाठीवर घेतलेला हत्ती (२०२० पासून हा मान अभिमन्यूचा) व्यासपीठापुढे येऊन थांबतो. मुख्यमंत्री अंबारीतल्या चामुंडेश्वरी देवीच्या मूर्तीवर फुलं वाहतात, राष्ट्रगीत सुरू होतं आणि तोफांची २१ वेळा सलामी होते. पूर्वी या अंबारीत महाराज बसत. हा क्षण फक्त आवारातल्यांनाच समोर दिसतो, आणि तिकिटाचे पैसे खरं तर त्याचेच आहेत.

पण तिकीट काढलं म्हणजे आराम मिळाला, असं नाही. दुपारी नंदीध्वजाची, म्हणजे नंदीच्या उंच सजवलेल्या ध्वजखांबाची, पूजा होते, मग जिल्ह्याजिल्ह्यांचे चित्ररथ आणि लोककलांची पथकं जातात, अंबारी येते ती अगदी शेवटी. म्हणजे चार-पाच तास खुर्चीत. राजवाड्याचं तोंड पूर्वेला, त्यामुळे राजवाड्याकडे बघत बसलात तर उतरतं ऊन थेट डोळ्यांवर. टोपी न्या, छत्री नको. ती उघडली की मागचे ओरडणारच. पावसाची शक्यता असते, तेव्हा रेनकोट पिशवीत असू द्या. तिकीट असलं तरी जागा राखीव आहे असं धरून चालू नका, दुपारच्या जेवणाच्या वेळेआधीच आत जाऊन बसा. मधेच बाथरूमला उठलात तर तीच खुर्ची परत मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून दोघांनी आळीपाळीने उठावं.

सयाजीराव रोडला एक पैसा लागत नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचं नाव असलेल्या या रस्त्यावर, देवराज मार्केटच्या बाजूला, बॅरिकेडला चिकटून उभं राहायला मिळालं तर हत्तींच्या कपाळावरची रंगीत नक्षी आणि माहुताचे हातवारेसुद्धा नीट दिसतात. डोळ्ळू कुणित या ढोलनाचाच्या पथकांचा ढोल छातीत वाजतो. वीस-पंचविशीतल्या मित्रमंडळींनी दुसरा विचारच करू नये. सकाळीच जागा धरावी लागते आणि दिवसभर उभं राहायची तयारी हवी, इतकंच. के. आर. सर्कलपासून आयुर्वेद कॉलेजच्या चौकापर्यंत रेटारेटी सगळ्यात जास्त. पुढे बांबू बाजारकडे तुलनेने बरं, पण तिथे अंबारी पोचेपर्यंत उजेड कमी झालेला असतो. फोटोची हौस असेल तर हे लक्षात ठेवा. आणि कृपा करून कुठल्याही जुन्या इमारतीच्या गच्चीवर किंवा सज्जावर चढू नका, कोणी पैसे घेऊन जागा देत असला तरी नाही. याच भागातल्या लॅन्सडाउन बिल्डिंगचा काही भाग २०१२ मध्ये कोसळून माणसं गेली आहेत. लहान मुलं कडेवर असतील तर या रस्त्याचा नादच सोडा.

मुलांसाठी बन्नीमंटपचं मैदान चांगलं. संध्याकाळच्या पंजिन कवायतीत, म्हणजे मशालींच्या कवायतीत, घोडेस्वारांच्या कसरती, मोटरसायकलवरची चित्तथरारक कामं आणि मशालींचं संचलन असतं. बसायला मैदानाभोवती गॅलरी आहे. मात्र हा वेगळा कार्यक्रम आहे. सवारी बन्नीमंटपला संपते खरी, पण कवायतीच्या तिकिटावर अंबारी बघायला मिळेल या आशेने जाल तर हिरमोड होईल.

गोल्ड कार्ड या एकत्रित तिकिटावर राजवाडा आणि पंजिन कवायत दोन्ही बघता येतात. अलीकडे त्याची किंमत माणशी सहा-साडेसहा हजारांच्या घरात गेली आहे. तरुण जोडप्याला ते परवडत असेल तर जरूर घ्यावं. वडीलधारी सोबत असतील तर मी घेणार नाही. दोन ठिकाणांमध्ये सुमारे पाच किलोमीटरचं अंतर, मधला रस्ता मिरवणुकीने अडलेला, रिक्षा मिळत नाही. तिन्हीसांजेला त्या गर्दीतून त्यांना चालवत नेण्यापेक्षा राजवाड्याचं साधं तिकीट काढावं आणि बाहेरची गर्दी ओसरेपर्यंत जवळपासच थांबावं. तेवढ्यात राजवाड्याचे जवळजवळ लाखभर दिवे लागतात.

गुडघे अजिबात साथ देत नसतील किंवा व्हीलचेअर असेल, तर दसऱ्याचा दिवसच टाळा. आधीचे काही आठवडे हत्तींची याच मार्गावर सकाळ-संध्याकाळ तालीम चालते. पाठीवर आधी वाळूच्या गोण्या, मग लाकडी अंबारी. तिकीट नाही, चेंगराचेंगरी नाही, आणि हत्ती अगदी समोरून जातात. पंजिन कवायतीचीही आदल्या दिवशी रंगीत तालीम होते.

तिकिटं दसरा समितीच्या वेबसाइटवर निघतात आणि भराभर संपतात. दर आणि आत सोडायची वेळ दरवर्षी बदलते, तेव्हा गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका.