जामीनपात्र गुन्ह्याचे ३५ हजार

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याच्या मोटारसायकलची धडक बसून रस्ता ओलांडणाऱ्या एका आजोबांचा पाय मोडला. पोरगा पळून गेला नाही. त्यानेच रिक्षा थांबवून त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं आणि तिथूनच पोलिसांनी त्याला ठाण्यात आणलं. त्या रात्री ठाण्याबाहेर माझ्या ताईला आणि दाजींना एका दलालाने ३५ हजारांना लुबाडलं. दुसऱ्या कुणाच्या घरावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं लिहून काढतोय.

पांढरा शर्ट, काळी पँट, काखेत रेक्झिनची बॅग. मी वकील आहे असं तो एकदाही म्हणाला नाही. ‘आपण कोर्टातलेच’ एवढंच म्हणाला. चहाच्या टपरीपाशी ताई रडत उभी होती, तिथे तो आपणहून आला.

‘ताई, पोरगं आत आहे ना? नवीन कायदा लागलाय आता. अपघाताला दहा वर्षं. नॉन-बेलेबल. उद्या कोर्टात उभं केलं की सरळ चौदा दिवस आत.’

दहा वर्षांची गोष्ट त्याने हवेतून काढली नव्हती. २०२४ च्या जानेवारीत ट्रकचालकांचा संप झाला तो याच तरतुदीवरून, त्यामुळे ती ताईच्याही कानावर होती. पण ते भारतीय न्याय संहितेतलं, म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानाच्या जागी आलेल्या कायद्यातलं, कलम १०६(२) आहे. अपघातात माणूस दगावला आणि चालक खबर न देता पळाला, तर ते लागतं. शिवाय १ जुलै २०२४ पासून बाकीची संहिता लागू झाली तेव्हा सरकारने नेमकं तेवढंच पोटकलम बाजूला ठेवलं. आमच्या पोराने जखमीला स्वतः दवाखान्यात पोचवलं होतं आणि आजोबा हयात होते. म्हणजे त्या कलमाचा इथे काडीचा संबंध नव्हता. पण अशा रात्री, पोर आत बसलेलं असताना, आईबापांना हे कोण सांगणार?

त्याने हिशोब मांडला : साहेबांना २० हजार, कागदपत्रांचे ८, जामीनदाराचे ७. दाजींनी २० हजार रोख दिले, १५ हजार त्याने दाखवलेल्या एका मोबाइल दुकानाच्या क्यूआर कोडवर भरले. तो आत गेला, थोड्या वेळाने बाहेर आला आणि ‘काम झालं, फक्त कागद व्हायचेत’ म्हणाला. तासाभराने पोरगा सुटला. ताईने त्या माणसाला हात जोडले.

महिनाभराने त्याचा पुन्हा फोन आला. आता चार्जशीट ‘थांबवायला’ ५० हजार हवे होते. ताईने मला कळवलं ते तेव्हा.

मी आधी एफआयआर काढला. त्यासाठी कुणाला भेटायची गरज पडली नाही. संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर २४ तासांच्या आत संकेतस्थळावर टाकायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर तो मिळाला. कलमांच्या रकान्यात दोनच आकडे होते : २८१ आणि १२५(बी). एक बेदरकार वाहन चालवण्याचं, दुसरं त्यातून गंभीर दुखापत झाल्याचं. तो कागद घेऊन आम्ही मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या तालुका विधी सेवा समितीत गेलो. तिथल्या वकील मॅडमनी त्या रकान्यावर बोट ठेवून सांगितलं, ‘दोन्ही दखलपात्र आहेत, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, पण दोन्ही जामीनपात्र. तुमच्या मुलाला सोडण्यात साहेबांची मेहरबानी नव्हती.’

जामीनपात्र गुन्ह्यात आरोपी जामीन द्यायला तयार असेल, तर ठाणे अंमलदाराला त्याला सोडावंच लागतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे अटक-जामिनाची पद्धत ठरवणाऱ्या कायद्याचं, ४७८ वं कलम तेच सांगतं. ऐपत नसेल तर जामीनदाराशिवाय, नुसत्या जातमुचलक्यावर म्हणजे स्वतःच्या लेखी हमीवर सोडायची सोयही त्याच कलमात आहे. आत कागद आधीच तयार होत होते. दलाल नुसता व्हरांड्यात उभा राहून आला. जे होणारच होतं, त्याचे त्याने पैसे घेतले, आणि म्हणूनच त्याचा शब्द खरा ठरल्यासारखा वाटला. मला सर्वांत जास्त चीड याची येते.

मॅडमना खरी काळजी वाटली ती जामीनदाराची. दलालाने उभा केलेला तो इसम आमच्यापैकी कुणीच ओळखत नव्हतं. अशा भाडोत्री जामीनदारांचे सातबारे, रेशनकार्डं बनावट निघाली तर कोर्टाला खोटे कागद दिल्याचं वेगळंच लचांड मागे लागतं. त्यांनी आधी अर्ज करून जामीनदार बदलून घेतला. त्यांची फी समितीकडून गेली. अटकेतल्या माणसाला, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कमी उत्पन्नवाल्यांना हा वकील मोफत मिळतो. १५१०० वर फोन केला तरी चालतो, रात्रीच्या घाईत हा नंबर जवळ असू द्या.

तक्रारीचं नाव काढताच दलालाने धमकावलं, ‘लाच तुम्हीच दिलीत, आधी तुम्हीच अडकाल.’ त्यात तथ्य आहे. २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवलं पाहिजे, तरच सुटका. ताईची ती मुदत उलटून गेली होती. मॅडमचं म्हणणं पडलं की काही लपवू नका, जसं घडलं तसं लिहा, आणि दुसऱ्या मागणीचा एक पैसाही देऊ नका. मागणी झाल्याबरोबर, पैसे देण्याआधी, लाचलुचपत विभागाच्या १०६४ वर कळवायचं असतं. चार्जशीट थांबवणं असल्या माणसाच्या हातात नसतंच. तपास पुरा झाला की पोलीस हा अहवाल, म्हणजेच चार्जशीट, कोर्टात देतात आणि आरोपीला त्याची प्रत फुकट मिळते.

आम्ही पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार दिली. सोबत क्यूआर कोडवर भरलेल्या पैशांचा स्क्रीनशॉट आणि कॉलची नोंद जोडली. रोख दिलेल्या २० हजारांना दाजींच्या जबाबाशिवाय पुरावा नाही. दलालावर न्याय संहितेतलं फसवणुकीचं ३१८(४) हे कलम लागलं आहे. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि ते अजामीनपात्र आहे. पैसे अजून परत मिळालेले नाहीत. भाच्याचा खटला चालू आहे, आता त्याचा सख्खा चुलता जामीनदार आहे. ३५ हजार हातात असते तर ताई ते आजोबांच्या औषधपाण्याला देणार होती. त्यांची नुकसानभरपाई आता विम्यातून, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे ठरेल.