खारघरमध्ये नऊ महिने: घर उत्तम, स्टेशनचं बघा

जानेवारीत लालबागची दीड खोली सोडून आम्ही खारघरला सेंट्रल पार्कच्या बाजूला भाड्याने आलो. टू बीएचके, गॅलरीतून समोर डोंगर. घर दाखवायला एजंटने रविवारी दुपारी आणलं, त्याच्याच गाडीने. "ताई, स्टेशन दहा मिनिटांवर." खोटं बोलला नाही हो. रविवारी दुपारी, गाडीने, दहाच मिनिटं लागतात.

सोमवारी सकाळी कळलं. वस्ती एका बाजूला, स्टेशन दुसऱ्या बाजूला आणि मध्ये सायन-पनवेल महामार्ग. आमच्यापासून चारेक किलोमीटर. मीटरचं नाव काढलं की रिक्षावाला आकाशाकडे बघतो. शेअरला तीन मागे, चौथा पुढे ड्रायव्हरला टेकून. संध्याकाळी स्टेशनबाहेर "उत्सव, उत्सव! शिल्प, शिल्प!" असा चौकांच्या नावांचा पुकारा चाललेला असतो, पण आमच्या टोकाला जायचं म्हटलं की "वहां से खाली आना पडता है". जुलैतल्या एका रात्री लाइनीत पस्तीस मिनिटं उभी होते. छत्री होती, पण पाऊस आडवा होता. सीएसएमटीहून खारघर सव्वा तास, त्यावर हे. घरी आले तेव्हा ओढणीतून पाणी गळत होतं आणि सासूबाई म्हणाल्या, "काय छान गार हवा सुटलीय ना गं आज!"

हे शहर, म्हणजे नवी मुंबई, खरं तर माझ्यासारखीने रोज फोर्टला जाऊ नये म्हणून आखलेलं. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी कल्पना मांडली की मुंबई उत्तरेकडे नुसती लांबत न्यायची नाही, खाडीपलीकडे नोकऱ्यांसकट दुसरं शहर उभं करायचं. १९७० मध्ये ते उभारायला सिडको ही सरकारी कंपनी झाली. घाऊक बाजार वाशीला आले, बेलापूरला सरकारी कचेऱ्यांचं कोकण भवन आलं. मंत्रालय मात्र नरिमन पॉइंटलाच राहिलं आणि त्याच्या आसपासची हापिसंही. माझंही त्यातलंच एक. लोकल वाशीला पोचली ती १९९२ मध्ये.

लोकलचं सांगायचं तर पनवेलची गाडी खारघरला येईस्तोवर भरलेली असते. लेडीज डब्यात तिघींच्या बाकावर टेकायला चौथी सीट मिळाली तर नशीब. त्यावर मला मार्चमध्ये उपाय सापडला, मेट्रो. नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर धावते, ११ स्टेशनं. खारघरच्या रेल्वे स्टेशनला ती शिवतच नाही, पण बेलापूरला जाते. घरापासून चालत मेट्रो, मेट्रोने बेलापूर, तिथून सुटणारी लोकल आणि चक्क खिडकी. वेळ वाचत नाही, पाठ वाचते. मेट्रो चुकली की मात्र पुढचं सगळं गणित कोसळतं.

आता चांगलं सांगते, आणि ते बरंच आहे. अडचण एवढीच की ते मला रविवारीच दिसतं. फुटपाथवर खरोखर चालता येतं, झाडं मोठी झालीयत, पावसात डोंगरावरून पांढऱ्या रेघा उतरतात. सासूबाई आल्या तेव्हा महिनाभर रुसल्या होत्या. "रस्त्याला माणूसच नाही गं, पत्ता विचारायचा कुणाला?" सेक्टर, प्लॉट नंबर, सगळं आकड्यांत; लालबागला पत्ता म्हणजे अमक्याच्या दुकानावर. आता त्यांचा पार्कात सकाळचा पाच जणींचा ग्रुप आहे. जूनमध्ये डोंगरावरच्या पाड्यांतून बायका शेवळं ही रानभाजी घेऊन उतरतात, जुडीसोबत तिची खाज मारायला मूठभर काकडं, म्हणजे आंबट रानफळं. सासूबाईंना त्यातल्या एका मावशी ओळखतात. मला अजून कुणी ओळखत नाही, रिक्षावाले सोडून. शेवळाची भाजी मी रात्री साडेनऊला गरम करून खाल्ली. काकडं जरा कमी पडली होती, घसा खवखवला, तरी दोनदा वाढून घेतली.

उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतात. घर घेण्याआधी महिन्याला किती, ते वॉचमनला विचारा. सेक्रेटरी सांगणार नाहीत.

ज्याची नोकरी बेलापूर-वाशीपर्यंत आहे किंवा घरूनच काम आहे, त्याने डोळे झाकून यावं. आमचा करार डिसेंबरात संपतोय. एजंटला निरोप दिलाय: हॉल लहान चालेल, डोंगर नाही दिसला तरी चालेल, बेलपाड्याच्या आसपास, स्टेशनला चालत जाता येईल असं बघ. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.