क्वेस्टब्रिजचा अर्ज : पैशाची अडचण असलेल्या हुशार मुलांसाठी, एका काकाच्या अनुभवातून

माझ्या पुतणीने न्यू जर्सीतल्या शाळेतून क्वेस्टब्रिजमार्फत कॉलेजांना अर्ज केले. तिची आई गोदामात पॅकिंग करते, माझा धाकटा भाऊ किराणा दुकानात गल्ल्यावर असतो. दोघांच्या पाळ्या वेगळ्या, त्यामुळे कागदपत्रांचं बरंच काम इथे गोव्यात सावईवेऱ्याला माझ्याकडे आलं. गोव्यातून तिकडे गेलेली सगळीच माणसं आयटीतली नाहीत. मोटेलात, दुकानात, स्वयंपाकघरात राबणारीही पुष्कळ आहेत, आणि त्यांची मुलं हुशार आहेत. त्या मुलांच्या इकडच्या काका-मामांनी हे वाचावं म्हणून लिहितो.

क्वेस्टब्रिज ही कॅलिफोर्नियातली ना-नफा संस्था. तिचा मुख्य कार्यक्रम म्हणजे ‘नॅशनल कॉलेज मॅच’. बारावीतल्या मुलाने एकच सविस्तर अर्ज भरायचा, त्यातून ‘फायनलिस्ट’ निवडले जातात. येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड, एमआयटी धरून पन्नासहून जास्त कॉलेजं त्यांच्याशी जोडलेली आहेत. ॲमहर्स्ट, विल्यम्स, पोमोना, ग्रिनेल, बोडन ही नावं आपल्याकडे कुणी ऐकलेली नसतात, पण ही लहान कॉलेजं तिकडे अव्वल मानली जातात, आणि माझ्या मते साध्या घरातल्या मुलांसाठी तीच जास्त चांगली, कारण तिथे प्राध्यापक मुलाला नावाने ओळखतो. मुलाने आपल्या पसंतीच्या १५ पर्यंत कॉलेजांची क्रमवार यादी द्यायची. यादीतलं जे सर्वांत वरचं कॉलेज त्याला घ्यायला तयार असेल, तिथे ‘मॅच’ होते. मॅच झाली की चारही वर्षांची ट्यूशन (म्हणजे कॉलेजची शिकवणीची फी), राहणं, जेवण, पुस्तकं, प्रवासखर्च सगळं आलं. आईवडिलांनी एक डॉलर भरायचा नाही आणि मुलाच्या डोक्यावर कर्ज नाही.

हे ऐकून आमच्या घरात पहिली शंका आली ती फसवणुकीची. ती येणं साहजिक होतं. परदेशी प्रवेश मिळवून देतो म्हणणाऱ्या एका एजंटाकडे मी आधी चौकशी केली होती. त्याने कॉलेजचं नाव सांगण्याआधी स्वतःची फी सांगितली. क्वेस्टब्रिजच्या अर्जाला मात्र फी नाही, आणि फायनलिस्ट झाल्यावर त्यांच्यामार्फत त्या कॉलेजांना अर्ज करतानाही फी माफ असते. या अर्जासाठी कुणी पैसे मागितले तर तो माणूस त्यांचा नाही, हे पक्कं समजा.

दुसरी अडचण नातेवाइकांना समजावण्याची. साधारण चौघांच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ६५,००० डॉलरपेक्षा कमी असेल तर या कार्यक्रमात बसतं, असं संस्था सांगते. ही काही काटेकोर रेघ नाही, बाकीची परिस्थितीही बघतात. पण डॉलरचे रुपये केले की आकडा पन्नास लाखांच्या वर जातो. आमची आत्या म्हणाली, “वर्षाला पन्नास लाख आणि गरीब? मग आम्हांला काय म्हणायचं?” भावाचा पगार त्या मर्यादेच्या बराच खाली आहे हे तिला सांगूनही पटेना. शेवटी मी तिला घरभाडं, गाडीचा आणि दवाखान्याचा विमा, आणि हातात उरणारी रक्कम कागदावर मांडून दाखवली, तेव्हा ती गप्प झाली. तिकडच्या माणसाची ओढाताण इकडून दिसत नाही, आणि म्हणूनच कित्येक घरं असा अर्ज करायला लाजतात. लाजू नका. ही मदत मागितलेली भीक नव्हे, मुलाने अभ्यासातून कमावलेली जागा आहे.

अर्जातला मला सर्वांत आवडलेला भाग घरकामाचा. शाळेबाहेर काय करता या प्रश्नाखाली आपण नाटक, खेळ, वक्तृत्वाची बक्षिसं लिहितो. इथे धाकट्या भावंडांना सांभाळणं, नोकरी करणं, आईवडिलांसाठी दुभाष्याचं काम करणं हेही लिहायला सांगतात, आणि आठवड्याला किती तास तेही विचारतात. पुतणीने आधी तो भाग कोराच ठेवला होता. “काका, हे काय सांगण्यासारखं आहे?” ती म्हणाली. ती शाळेतून आल्यावर धाकट्याला आणते, त्याला जेवायला घालते, विमा कंपनीची, घरमालकाची, शाळेची पत्रं वाचून बापाला समजावते आणि उत्तरंही तीच लिहिते. मी म्हटलं, “बाय, हे तास मोज.” मोजले तेव्हा तिलाच नवल वाटलं. तिच्या शाळेतल्या समुपदेशक बाईंनी तर सांगितलं की ज्या मुलीला एवढं करून असे गुण मिळतात, तिचे गुण वेगळ्या नजरेने वाचले जातात. तिने मग निबंधही त्या पत्रांवरच लिहिला. विमा कंपनीने नाकारलेला एक दावा तिने कलम दाखवून कसा मंजूर करून घेतला, ते. रडगाणं एका ओळीचंही नव्हतं. ऐन चवथीच्या दिवसांत ती मला मसुदे पाठवायची, आणि सकाळी पोफळींत फेरी मारून आलो की मी ते वाचायचो. तिकडे तेव्हा रात्र असायची.

आता कुळागराचं, म्हणजे आमच्या पोफळी-माडांच्या बागेचं, प्रकरण. गोव्याच्या वाचकांना हे विशेष उपयोगी पडेल. फायनलिस्ट झाल्यावर बहुतेक कॉलेजं ‘सीएसएस प्रोफाइल’ नावाचा आर्थिक अर्ज, करविवरणपत्रं वगैरे मागतात, आणि मालमत्ता दुसऱ्या देशात असली तरी सांगावी लागते. आमचं कुळागर आजोबांच्या नावावर. त्यांच्यामागे इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली कायदेशीर वाटणी, झालेली नाही. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर अजून त्यांचंच नाव, आणि वारसांची यादी काढायची तर माझे वडील, दोन काका, आत्या, शिवाय आपल्याकडच्या पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याप्रमाणे लग्नानंतर मालमत्ता सामाईक, म्हणून प्रत्येकाचा जोडीदार. यात माझ्या भावाचा वाटा किती? कागदावर आज काहीच नाही, उद्या काहीतरी. तिकडे कॉलेजात बसलेल्या माणसाला हे कसं कळणार? जमिनीचा फोंड्यातला भाव लिहिला असता तर भाऊ लखपती दिसला असता, आणि जमीन लपवणं तर मनातही आणू नये. एक खोटी ओळ सापडली तर मुलीचा प्रवेश जातो.

म्हणून मी इंग्रजीत एक पानी पत्र तयार केलं. कुळागराचं क्षेत्रफळ किती, त्यात पोफळी, माड, केळी, जायफळाची थोडी झाडं. सुपारी ‘गोवा बागायतदार’ या सहकारी संस्थेला घातल्याच्या पावत्या, त्यावरून वर्षाचं उत्पन्न. मजुरी, खत, पोफळीवर चढणाऱ्या पाडेल्याचे पैसे, सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी बोर्डो फवारणीचा खर्च. उरलेल्यातून आईवडिलांचं औषधपाणी चालतं, भावाला एक पैसा जात नाही. सगळ्या वारसांच्या सह्यांशिवाय जमीन विकता येत नाही, ती विकायचा विचारही नाही. शेवटी रुपयांचे डॉलर, कोणत्या तारखेच्या दराने तेही. सोबत उतारा आणि त्याचं भाषांतर. हे पत्र पुतणीने प्रत्येक कॉलेजच्या आर्थिक मदत विभागाला जोडलं. एका कॉलेजने उलट एकच प्रश्न विचारला, घर कुणाच्या ताब्यात आहे. उत्तर दिलं, विषय संपला. एकत्र मालमत्ता असलेल्या कुणीही हे पत्र आधीच तयार ठेवावं, कारण फायनलिस्ट ठरल्यापासून कागद द्यायच्या मुदतीपर्यंत हातात दोन-तीन आठवडेच असतात, आणि आपल्याकडच्या कचेऱ्यांतून उतारे-सह्या गोळा करायला तेवढे पुरत नाहीत.

यादीचा क्रम लावताना मात्र घरात सर्वांनी बसून बोला. मोजकी काही कॉलेजं सोडली तर मॅच बंधनकारक आहे. झाली की तिथेच जायचं, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. भावाला मुलगी जवळ हवी होती. पण पुतणीच्या यादीत दूरच्या आयोवा राज्यातलं ग्रिनेल होतं, मेन राज्यातलं बोडन होतं. मी भावाला एवढंच म्हटलं की आपण तिला पोहायला घातलं आहे, आता काठावरून ओरडू नये. तिने जिथे खरोखर राहायला आवडेल तेवढीच नावं ठेवली, १५ चा आकडा भरण्यासाठी एकही वाढवलं नाही. हे मला फार योग्य वाटलं.

१ डिसेंबरला मॅच झाली नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण यशाच्याच गोष्टी सगळीकडे सांगितल्या जातात. २०२३ साली २० हजारांवर मुलांनी अर्ज केले, त्यांतले ६,६८३ फायनलिस्ट झाले आणि २,२४२ जणांची मॅच झाली. म्हणजे फायनलिस्टांतही तिघांतल्या दोघांना त्या दिवशी नकारच येतो. घरी दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण तोच अर्ज, तीच शिफारसपत्रं पुढे नेहमीच्या फेरीत त्या कॉलेजांना पाठवता येतात, आणि यांतली कॉलेजं गरजेप्रमाणे मदत देणारी आहेत. मार्चअखेर अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातल्या एका लहान कॉलेजने तिला घेतलं. ट्यूशन, राहणं आणि जेवण कॉलेजच्या मदतीत बसलं, वरखर्चासाठी ती तिथल्या ग्रंथालयात काम करते. मॅच नाही म्हणून हातपाय गाळून बसली असती तर हे झालं नसतं.

गोव्यातल्या शाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलांना हा अर्ज करता येत नाही. त्यासाठी अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड हवं, नाहीतर मूल तिथल्या हायस्कुलात शिकत असायला हवं. इथून थेट जाऊ पाहणाऱ्यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट यांच्याकडे बघावं. परदेशी मुलाची निवड करताना ती त्याची ऐपत बघत नाहीत, आणि निवडलं तर गरजेइतकी पूर्ण मदत देतात. निवड मात्र अतिशय कठीण.

तुमचं भाचरू तिकडे अकरावीत असेल तर त्याला ‘कॉलेज प्रेप स्कॉलर्स’बद्दल आत्ताच सांगा. तो अर्ज अकरावीतच, वसंतात भरायचा असतो, आणि पुढच्या मोठ्या अर्जाची निम्मी तयारी त्यातच होऊन जाते. मॅचचा अर्ज उन्हाळ्यात उघडतो आणि सप्टेंबरच्या शेवटी बंद होतो. शिक्षकांना शिफारसपत्रासाठी सुट्टीआधीच विचारून ठेवायला सांगा, आणि इकडे तुम्ही एक-चौदाचा उतारा काढून ठेवा.