उन्हाळ्याची हवा सांगणारी ॲप्स: सातारा-सांगलीत कोणतं किती कामाचं

ऊन आणि धूर हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि फोनमधल्या एकाही ॲपला दोन्हींची उत्तरं धड येत नाहीत. उन्हाचं काम हवामान खात्याचं 'मौसम' बऱ्यापैकी चोख करतं. वणव्याच्या धुराचा अंदाज मात्र आपल्या भागापुरता तयार मिळत नाही, तो आपणच जुळवावा लागतो. इथली सगळी ॲप्स आणि संकेतस्थळं फुकट आहेत, त्यामुळे प्रश्न पैशाचा नाही, कुठला आकडा कशासाठी वाचायचा याचा आहे.

'मौसम' आलं जुलै २०२० मध्ये. सात दिवसांचा शहरवार अंदाज, पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा आणि पाच दिवसांचे रंगीत इशारे ही त्यातली कामाची पानं. शहर हाताने निवडून ठेवा. आपोआप ठिकाण घेऊ दिलंत तर घाटमाथ्यावरच्या गावाला खालच्या शहराचं तापमान चिकटू शकतं. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणून सातारा आणि महाबळेश्वर एकाच आकड्यात बसत नाहीत.

'उष्णतेची लाट' नाही म्हणजे ऊन कमी, असं मात्र समजू नका. सपाटीवर पारा किमान ४० अंशांवर हवा आणि तो सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा जास्त वर हवा, तेव्हा लाट म्हणतात. फरक ६.४ च्या पुढे गेला तर तीव्र लाट. थेट ४५ ला पोचलं तर सरासरी बघत नाहीत. आता समजा एखाद्या गावाची त्या तारखेची सरासरी ३८ आहे. तिथे आठवडाभर ४१ अंश राहिले तरी फरक तीनचाच, म्हणजे नियमाने लाट नाही. ऊस भरणाऱ्या टोळीला या हिशेबाने काडीचा फरक पडत नाही. डोंगरी भागाला मर्यादा ३० अंशांची आहे, त्यामुळे महाबळेश्वरला लाट आणि सांगलीला नाही, असं चित्र कागदावर दिसू शकतं, आणि ते चूक नसतं. रंग पाहाच, पण कमाल आणि किमान हे दोन्ही आकडे त्याआधी पाहा. रात्रीचं किमान उतरत नसेल तर स्लॅबच्या घरात शरीराला विसावाच मिळत नाही.

बातम्यांतल्या 'मध्य महाराष्ट्रात लाट' या मथळ्याला तर फारच जपून घ्यावं. खात्याचा हा उपविभाग नंदुरबार-जळगावपासून कोल्हापूरपर्यंत पसरलेला आहे. भुसावळ भाजून निघत असताना कराडला ढग असू शकतात. जिल्ह्याचा रंग पाहा, उपविभागाचा नको. फेब्रुवारीअखेर येणारा मार्च ते मे या तिमाहीचा अंदाजही असाच मोठ्या पट्ट्याचा असतो. त्यात 'सरासरीपेक्षा जास्त तापमानाची शक्यता' सांगितलेली असते, तारीख नाही. माण-खटावला टँकरचं नियोजन किंवा तासगावला बेदाणा शेडवरची शेडनेट यांचा विचार करायला तो बरा, लग्नाची तारीख काढायला नाही. मधल्या काळासाठी दर गुरुवारी निघणारा चार आठवड्यांचा अंदाज जास्त उपयोगी, आणि त्यातलेही पहिले दोन आठवडे. 'मौसम'ला पाचपैकी चार.

धुराकडे वळलं की गाडी अडते. 'समीर' हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, हवेचा दर्जा सांगणारं ॲप. सांगली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांत आहे, सातारा नाही. हवेच्या दर्जाच्या निर्देशांकाचे टप्पे सरळ आहेत: ५० पर्यंत चांगली हवा, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, त्यापुढे वाईट. पण हा निर्देशांक सूक्ष्म कणांच्या २४ तासांच्या सरासरीवर निघतो. वणव्याचा धूर पहाटे चार ते नऊ असा पाच तास दाटतो आणि दुपारी विरतो. सरासरीत ते पाच तास पातळ होऊन जातात. सकाळी घसा खवखवतो आणि ॲप मात्र शांत, असं होतं ते यामुळे. शिवाय आकडा यंत्र बसवलेल्या जागेचा, अख्ख्या जिल्ह्याचा नव्हे. पाचपैकी दोन, तेही फक्त सांगली शहरात राहणाऱ्यांसाठी.

खासगी हवामान ॲप्स प्रत्येक गावाला हवेचा आकडा देतात म्हणून भुलू नका. त्यातले बरेच आकडे मोजलेले नसतात, संगणकी प्रारूपातून येतात. युरोपच्या कोपर्निकस सेवेच्या जागतिक प्रारूपाचा एक चौकोन साधारण ४० किलोमीटरचा आहे. साताऱ्याहून उंब्रजपर्यंतचा डोंगर, दरी, महामार्ग सगळं एकाच रंगात.

खरा उपयोग होतो तो नासाच्या 'फर्म्स' या नकाशाचा. उपग्रहाने टिपलेली आग त्यावर साधारण तीन तासांत ठिपका म्हणून दिसते. वापरताना थर निवडा तो व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या उपकरणाचा. त्याचा एक चौकोन ३७५ मीटरचा आहे, जुन्या मोडिसचा एक किलोमीटरचा. ठिपक्यावर बोट ठेवलं की वेळ दिसते. ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, तीत साडेपाच तास मिळवा: ८:०५ म्हणजे आपली दुपारची १:३५. ठिपका हा त्या चौकोनाचा मध्य असतो, आगीचा आकार नव्हे, त्यामुळे आग नेमकी ठिपक्याखालीच असेल असं नाही. रोज त्याच जागी दिसणारा ठिपका बहुधा वीटभट्टीचा किंवा कारखान्याचा. कृष्णाकाठच्या सपाट रानातला ठिपका तोडणीनंतर पेटवलेल्या पाचटाचा असण्याची शक्यता जास्त. कास-बामणोली, पाटण खोरं, सागरेश्वर, दंडोबा इथला नवा ठिपका मात्र वणवाच समजून चला.

याची मोठी खोट वेळेची. हे उपग्रह दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या आसपास वरून जातात. गवत पेटवतात ते बहुतेक संध्याकाळी. सहाला पेटलेला उतार रात्री दीडपर्यंत काळा होऊन विझलेलाही असतो, आणि नकाशावर त्याचा मागमूस राहत नाही. नकाशा कोरा म्हणजे डोंगर शाबूत असं नाही. तरीही पाचपैकी साडेतीन.

ठिपका सापडला की वारा बघा. दुपारी पश्चिमेचा वारा धूर पूर्वेकडे ढकलतो आणि वरही उचलतो. रात्री उलट: थंड झालेली हवा उतारावरून खाली दरीत ओघळते आणि धूर घेऊन येते. यवतेश्वरचा डोंगर सातारा शहराच्या पश्चिमेला. तिथे संध्याकाळी लागलेल्या आगीचा धूर रात्री साताऱ्याच्या पेठांत उतरतो आणि सूर्य चढेपर्यंत हलत नाही. सकाळचं हे धुरकं की धुकं, ते ॲपमधल्या आर्द्रतेवरून कळतं. ९५ टक्क्यांच्या आसपास असेल तर धुकं, ४०-५० असेल तर धूर-धूळ. जळक्या गवताचा वास आणि गच्चीवर काळी कुसळं असतील तर आकड्याचीही गरज नाही.

अशा रात्री पंचाईत कूलरची होते. कूलर बाहेरची हवा ओढतो, आणि त्याची खस किंवा जाळी धुराचे सूक्ष्म कण अडवत नाही, म्हणजे धूर थेट खोलीत. खिडकीतून काढून आत फिरवला तर तासाभरात दमटपणा वाढून गारवा जातो. डोंगराकडची खिडकी बंद, उलट बाजूची उघडी आणि नुसता पंखा, एवढंच त्या रात्री जमतं. एसी आतलीच हवा फिरवतो, त्यामुळे तो चालेल. घर मोकळं करायचं तर सकाळी दहानंतर, धूर उचलला गेल्यावर, आणि ऊन तापायच्या आत पुन्हा बंद. दम्याच्या माणसाने सकाळचं फिरणं संध्याकाळवर न्यावं. रुमाल बांधून हे कण थांबत नाहीत, एन-९५ मास्क लागतो आणि तो नाकाशी घट्ट बसायला हवा.

'मेघदूत' शेतकऱ्यांसाठी, मराठीत, दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा सल्ला. बेदाणा किंवा हळद वाळत घातली असेल तर ठेवावं. 'दामिनी' पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, आकाशातल्या विजेच्या इशाऱ्यासाठी. एप्रिल-मेच्या वळवात ते ठिकाणाची परवानगी देऊन चालू ठेवा, एरवी बंद असलं तरी चालेल.

वणवा डोळ्यांनी दिसला तर कुठलंच ॲप उघडत बसू नका. वन विभागाचा १९२६ लावा. गाव, डोंगराची कुठली बाजू, आग वर चढतेय की खाली, आणि गाडी कुठपर्यंत जाते, एवढं सांगा. शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात, आणि आग झोडपून विझवायला येणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळ तिच्यातच जातो.