ऑरोव्हिल: सोनेरी गोळा पाहून झाला असेल, तर स्वयंपाकघराकडे वळा

पुदुच्चेरीच्या सहलीत टूरवाले ऑरोव्हिलला जेमतेम तासभर देतात. लांबून मातृमंदिराचा, म्हणजे तिथल्या ध्यानमंदिराचा, सोनेरी गोळा दिसतो, फोटो निघतात, बस सुटते. २८ फेब्रुवारी १९६८ रोजी १२४ देशांची माती एका कलशात ठेवून मानवी एकतेसाठी वसवलेलं हे गाव खरं कळतं ते तिथल्या जेवणाच्या आणि पैशाच्या व्यवहारात.

सोलर किचन म्हणजे गावाचं सामूहिक स्वयंपाकघर. त्याच्या छपरावर १५ मीटर व्यासाची आरशांची वाटी आहे. वाटी जागची हलत नाही. सूर्य सरकेल तशी किरणं टिपणारी नळी सरकते, आतलं तेल तापतं आणि त्यावर वाफ तयार होऊन शेकडो माणसांचा स्वयंपाक होतो. गोम अशी की आरसे फक्त थेट ऊन एकवटू शकतात. आभाळ भरलं की उजेड असूनही वाटी निकामी, मग डिझेलचा बॉयलर पेटवावा लागतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला पावसाळा, त्यामुळे वाटी चालताना पाहायची तर जानेवारी ते मार्च बरे. पाहुण्यांनी जेवण आधी नोंदवावं. रोख चालत नाही, ऑरोकार्ड म्हणजे आधी पैसे भरून घेतलेलं गावचं कार्ड लागतं. नेमकं इथेच अनेकांचं अडतं.

'पूर तू' (फ्रेंचमध्ये 'सर्वांसाठी') हे रहिवाशांचं दुकान त्याहून धाडसी. दरमहा ठरावीक रक्कम भरायची, मग फळीवरून हवं ते उचलायचं. वस्तूंवर किंमत लिहिलेली नसते. भाव दिसला नाही की 'परवडतं का' याऐवजी 'लागतं का' असा विचार होतो, ही त्यामागची कल्पना. पाहुण्यांना मात्र तिथे खरेदी करता येत नाही. त्यांच्या वाट्याला व्हिजिटर्स सेंटरची दुकानं. माल देखणा, पण स्वस्त नाही.

मातृमंदिर बाहेरून पाहायचं तर छोटी फिल्म बघून मोफत पास घ्यायचा आणि झाडांतून सुमारे किलोमीटरभर चालायचं. आतल्या ध्यानकक्षासाठी आधी नोंदणी हवी, आयत्या वेळी सोय होत नाही. मोबाईल आणि पिशव्या बाहेर, पायांत पांढरे मोजे. आत मूर्ती नाही, फुलं नाहीत, उदबत्तीही नाही. ७० सेंटिमीटरचा काचगोल, त्यावर वरून सोडलेला सूर्यकिरण आणि शांतता. दर्शनाच्या अपेक्षेने गेलेला हिरमुसतो. (ज्यांच्या नावावरून गावाला ऑरोव्हिल म्हणतात त्या योगी अरविंदांना १९०८ साली बडोद्यात मन निःशब्द करण्याची वाट दाखवली ती विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याने.)

एकोपा मात्र गृहीत धरू नका. २०२१च्या डिसेंबरात रस्त्यासाठी झाडं तोडण्यावरून रहिवासी आणि प्रशासन यांच्यात उघड संघर्ष झाला. शहर ५०,००० लोकांसाठी आखलं, वस्ती तीनेक हजारांचीच. बरीचशी रोजची कामं आसपासच्या तमिळ खेड्यांतून येणारी माणसं करतात, आणि किंमत न लिहिलेल्या त्या दुकानाचं सदस्यत्व त्यांच्यासाठी नाही.

अर्धा दिवस हाताशी असेल तर सायकल भाड्याने घ्या आणि सकाळीच निघा. मंगळवारी ध्यानकक्ष बंद असतो.