सांतियागोचे स्मृती संग्रहालय आणि एका वकिलाची आठवण

चिलीतील लष्करी राजवटीला कायद्याच्या मार्गाने विरोध करणारे वकील होसे सालाकेत १५ फेब्रुवारी २०२० रोजी वारले. त्यांचे काम समजून घेण्यासाठी एकच ठिकाण पाहणे शक्य असेल, तर सांतियागोमधील 'स्मृती आणि मानवाधिकार संग्रहालय' पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. किंता नॉर्माल मेट्रो स्थानकालगतची ही इमारत जानेवारी २०१० मध्ये खुली झाली आणि तिथे प्रवेश विनामूल्य आहे. मी ज्या सहल कंपनीबरोबर गेलो होतो, तिने या भेटीसाठी जेमतेम एक तास राखला होता; तो खालच्या दालनांतच संपला, म्हणून दुसऱ्या दिवशी मी एकटाच परत गेलो.

११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावात अध्यक्षीय प्रासादावर झालेली बॉम्बफेक आणि निवडून आलेले अध्यक्ष आयेंदे यांचे रेडिओवरील अखेरचे भाषण इथे दिसते-ऐकू येते, पण ते बहुतेकांना आधीपासून ठाऊक असते. छळासाठी वापरल्या जाणाऱ्या लोखंडी खाटेसमोर मात्र पाय थिजतात. माझा सर्वाधिक वेळ गेला तो कागदपत्रांपाशी आणि बेपत्ता माणसांच्या घरातील स्त्रियांनी गोणपाटावर कापडाचे तुकडे शिवून केलेल्या चित्रांपाशी.

सालाकेत तरुणपणी चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या शांतता समितीच्या विधी विभागाचे प्रमुख होते. पकडून नेलेल्यांसाठी वकील न्यायालयात देहोपस्थितीचे, म्हणजे हेबियस कॉर्पसचे (अटक केलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा, अशी मागणी करणारे) अर्ज करीत आणि न्यायालये ते जवळजवळ सरसकट फेटाळीत. हजारो अर्जांपैकी मंजूर झालेले बोटांवर मोजण्याइतकेच निघतील. तरीही अर्ज लिहिले जात राहिले, कारण प्रत्येक अर्जात माणसाचे नाव, अटकेची तारीख आणि साक्षीदारांचे म्हणणे नोंदले जात होते. लष्करी राजवटीचे प्रमुख जनरल पिनोचेट यांच्या दबावाखाली १९७५ च्या अखेरीस समिती बंद झाली. १९७६ मध्ये तिची जागा 'विकारिया दे ला सोलिदारिदाद' या चर्चच्याच मानवाधिकार संस्थेने घेतली आणि त्याच वर्षी, आधी तुरुंगवास भोगलेल्या सालाकेत यांना देशाबाहेर काढण्यात आले. पुढे ते अॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या आंतरराष्ट्रीय कार्यकारिणीचे अध्यक्ष झाले आणि १९८६ मध्ये मायदेशी परतले.

लोकशाही आल्यावर राजवटीच्या काळातील हत्या आणि बेपत्ता व्यक्तींचा शोध घेण्यासाठी नेमलेल्या रेटिग आयोगाचे ते सदस्य होते. फेब्रुवारी १९९१ च्या अहवालात आयोगाने २,२७९ मृत आणि बेपत्ता व्यक्तींची नोंद केली आणि न्यायसंस्थेच्या वर्तनावर स्पष्ट शब्दांत ठपका ठेवला. या कामी फेटाळल्या गेलेल्या त्या अर्जांच्या संग्रहाचा मोठा आधार मिळाला. लष्कराने १९७८ मध्ये स्वतःलाच बहाल केलेली माफी कायम असताना निदान सत्य तरी पूर्ण नोंदवावे, ही सालाकेत यांची भूमिका होती. ती अनेक कुटुंबीयांना अपुरी वाटली आणि त्यांचे दुःख पाहता तो आक्षेप मला रास्तच वाटतो. तरीही ती नोंद झाली नसती तर पुढच्या खटल्यांना उभे राहायला जमीनच उरली नसती, असे माझे मत आहे.

सोमवारी संग्रहालय बंद असते. किमान चार तास हाताशी ठेवावेत, ध्वनिमार्गदर्शक अवश्य घ्यावा आणि उंच भिंतीवर लावलेली मृत व बेपत्ता माणसांची छायाचित्रे कागदपत्रे वाचून झाल्यानंतरच पाहावीत. मी पहिल्या दिवशी ती घाईने पाहिली तेव्हा केवळ चेहरे दिसले होते. दुसऱ्या दिवशी, मेणबत्त्यांसारख्या दिव्यांनी वेढलेल्या काचेच्या कक्षातून पाहताना, यांतील कितीजणांसाठी कोणीतरी अर्ज लिहिला असेल, याचाच विचार मनात होता.